हसनचाचांनी उभी ठेवलेली नळी

मंडळी, सगळ्यांना बसायला जागा मिळाली ना? मागे भिंतीशी जे उभे आहेत त्यांनी पुढे या. सतरंजीवर अजून जागा आहे. आज शुक्रवार, तुमच्यातल्या कितीतरी जणांचा आठवड्यातला एकच सुट्टीचा दिवस. कपडे धुवायचे असतात, घरी फोन करायचा असतो, मनसोक्त झोपायचं असतं. ते सगळं बाजूला ठेवून तुम्ही आलात. काहीजण तर थेट शिफ्टवरून आलात, हातात हेल्मेट दिसतंय. हसनचाचांनी हे पाहिलं असतं तर त्यांना अवघडल्यासारखं झालं असतं. 'माज्यासाटी एवडी मानसं कशाला?' असं म्हणून ते चहा करायला उठले असते.

मी अश्विनी. मूळची नाशिकची. इथे जेद्दाजवळ राबिघमध्ये समुद्राच्या तळाची पाहणी करणाऱ्या एका कंपनीत काम करते. हसनचाचा गेली सहा वर्षं माझ्याबरोबर होते. मी पाण्यात उतरले की तेही उतरायचे. एवढीच माझी ओळख, आणि आज एवढीच पुरे.

मुश्ताकभाई मघाशी म्हणाले, मॅडम, हिंदीत बोला, सगळ्यांना कळेल. मुश्ताकभाई म्हणजे चाचांचे अकरा वर्षांपासूनचे खोलीतले सोबती. त्यांचं बरोबर आहे. पण समोर टेबलावर हा फोन उभा करून ठेवलाय ना, त्यात दाभोळच्या खाडीकाठून चाची ऐकतायत. त्यांना मराठी कळते, आणि आज मला जे सांगायचंय ते आधी त्यांना कळायला हवं. चाची, आवाज येतोय का? येतोय म्हणतायत. तिकडे फोन त्यांच्या लेकीने धरलाय.

मला बोलायचं आहे, आणि बोलवत नाही. दोन्ही खरं आहे. चाचांचे गुण गायला मी आले असते तर सोपं होतं. पण मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, ती राहिली. ती मी आज तुमच्यासमोर सांगणार आहे. थोडा वेळ लागेल. चाचांची आठवण निघाली की मला घाई करता येत नाही.

आधी त्यांचं काम सांगते. इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, त्यांचा हुद्दा होता पेंटर. हसू नका. हो, हसलात तरी चालेल, ते स्वतः हसायचे. व्हिसा त्या हुद्द्याचा मिळाला म्हणून पेंटर. या माणसाने इथे एक भिंत रंगवली नाही. कागदावर पेंटर, बोटीवर मदतनीस आणि खरं तर माझे गुरू. ही तिसरी नोंद कुठल्याच दफ्तरात नाही.

आमचं काम असं. इथून उत्तरेला समुद्र जमिनीत आत शिरलाय, तुमच्यातले काहीजण तिथे मासे धरायला जातात. उथळ, निवांत पाणी आहे. तळाला समुद्री गवत, काठाला तिवरं. त्या गवताखाली चिखल आहे. आता तुम्ही म्हणाल, चिखलात काय बघायचं? मीही कॉलेजात असंच म्हणत होते. तर मंडळी, गवत मरतं, तिवराची पानं गळतात, पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव मरून खाली येतात. ते सगळं चिखलात पुरलं जातं. हवेतला जो कार्बन पानांनी ओढून घेतलेला असतो, तो त्यांच्याबरोबर तळाला जातो. खाली प्राणवायू नाही, म्हणून ते लवकर कुजत नाही. थरावर थर चढत जातो. शेकडो वर्षं, हजारो वर्षं, तसंच. वर कुणी ढवळलं नाही तर.

ढवळणारेही असतात. किडे असतात, कोळंब्या असतात, बिळं करतात. खालचं वर आणतात, वरचं खाली नेतात. किती खोलवर ढवळलं गेलंय, हे पाहायचं असतं. वरवरच ढवळलेलं असेल तर खालचा ठेवा शाबूत. खोलवर ढवळलेलं असेल तर त्या तळात फारसं काही टिकत नाही. हे ठरवण्यासाठी एक पारदर्शक नळी चिखलात दाबायची, वर काढायची, आणि तिच्यातले थर वाचायचे. माझ्या नोकरीत एवढंच आहे. नळी घ्या, नळी वाचा.

मला वाटायचं, नळी दाबायला काय लागतं? जोर. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि सरळ नळी हातात घेतली. चाचांनी माझा दंड धरला.

'बाय, थांब. दर्या बसू दे.'

आमच्या पायांनी चिखल उडाला होता. पाणी दुधाळ झालं होतं. तो उडालेला चिखल खाली बसेपर्यंत थांबायचं, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, किती वेळ? म्हणाले, 'बसंल तवा.' आणि ते तसेच उभे राहिले. मी चरफडत उभी राहिले. मोबाइल बोटीत होता. करायला काही नव्हतं.

मंडळी, ते थांबणं कसं सांगू तुम्हाला? सकाळची वेळ. वारा नाही. आकाश कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नाही, सगळं एकाच फिकट रंगाचं. बोट लांब, हवेत टेकून ठेवल्यासारखी दिसते. कमरेपर्यंत कोमट पाणी. हलायचं नाही. बोलायचं तरी हळू. पाच मिनिटांनी स्वतःचे पाय दिसायला लागतात. मग गवत दिसतं, एकेक पातं. मग एक छोटा मासा एका बिळाच्या तोंडाशी राखण करत बसलेला दिसतो, आणि त्याच बिळातून एक कोळंबी वाळू ढकलत बाहेर येते, टाकते, परत आत जाते. तिला धड दिसत नाही. म्हणून मासा पहाऱ्याला. चाचा म्हणायचे, 'बग, ती खोदती, त्यो जागतो. आपलं पन तसंच हाय. तू वाचतीस, मी हुबा रातो.'

सहा वर्षं आम्ही असे उभे राहिलो. किती सकाळी, मोजल्या नाहीत. त्या वेळात मी त्यांना नाशिकची थंडी सांगितली, माझ्या आईचं आजारपण सांगितलं. त्यांनी मला खाडी सांगितली. ओहोटीला चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, पायाच्या अंगठ्याने शोधायच्या तिसऱ्या शिंपल्या, खाजणात शिरलेलं खारं पाणी. चाची, तुमचंही नाव निघायचं. तुम्ही लग्नानंतर पहिल्यांदा चिखलात उतरलात आणि गुडघ्यापर्यंत रुतून बसलात, आणि मदत मागायच्या ऐवजी चाचांना शिव्या दिल्यात, हे मला माहीत आहे. लाजू नका. ते फार अभिमानाने सांगायचे.

आणि त्यांचा पाय! चिखलाची जात ते पायाने सांगायचे. 'हितं रेव हाय. हितं लोनी. हितं निजलाय.' निजलाय, हा त्यांचा शब्द. जिथे कुणी ढवळलेलं नाही, थर जसेच्या तसे आहेत, तो निजलेला चिखल. मी थट्टा करायचे, चाचा, झोपलेल्याला उठवायला कशाला आलोय मग? ते म्हणायचे, 'उटवायचं नाय बाय. येक केस काडून बगायचा, बास.' आणि नळी काढली की तिला जपायचे. वरपर्यंत समुद्राचंच पाणी भरायचं, हवेला जागा ठेवायची नाही, झाकण घट्ट बसवायचं, बाणाची खूण वर. त्यांनी स्वतः एक लाकडी चौकट केली होती, पिकअपच्या मागे बसणारी. त्यात नळ्या उभ्या राहायच्या. जेद्दाच्या लॅबपर्यंत ते मागच्या सीटवर तोंड फिरवून बसायचे, त्या चौकटीकडे बघत. पाणी प्यायला गाडी थांबवली तरी उतरायचे नाहीत. नळी आडवी झाली की निजलेला माणूस खाटेवरून पडतो, असं त्यांचं म्हणणं.

आता माझ्या चुकीकडे येते.

त्या निवांत पाण्यातून एक खोल वाट खणायची आहे, बोटींच्या धक्क्यासाठी. ती वाट बरोबर गवताच्या पट्ट्यातून जाते. तिथला चिखल जुना ठेवा धरून आहे की खालपर्यंत ढवळलेला आहे, हे आम्ही सांगायचं होतं. निजलेला असेल तर वाट वळवावी लागेल. ढवळलेला असेल तर खणायला हरकत नाही. चार नळ्या घ्यायच्या होत्या. गुरुवार होता. आणि आदल्या संध्याकाळी चाचांच्या छातीत दुखायला लागलं. मुश्ताकभाई त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेले.

मी थांबायला हवं होतं, पण थांबले नाही. पुढे दोन दिवस लॅब बंद, आणि मॅनेजर रोज विचारत होते. मी आणि बोटीचा कॅप्टन यासिर, दोघेच गेलो. यासिर तिथे दाराशी बसलाय. त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, तरी आलाय. त्या दिवशी पिकअप दुसरीकडे गेली होती. मी माझी गाडी काढली. लाकडी चौकट माझ्या गाडीत मावणारी नव्हती. मी नळ्या चादरीत गुंडाळल्या आणि मागच्या सीटवर ठेवल्या. आडव्या. वरपर्यंत पाणीसुद्धा नीट भरलं नव्हतं. लॅब बंद व्हायच्या आत पोचायचं होतं.

रस्त्यावर गतिरोधक किती आहेत, तुम्हाला माहीत आहे. एका गतिरोधकावर मागून आवाज आला. बुडबुड असा. नळीत हवा शिरली की येतो तो आवाज. मी ऐकला, मंडळी. मला त्याचा अर्थ माहीत होता. मी गाडीतली गाणी मोठी केली आणि पुढे गेले.

रविवारी चाचा कामावर आले. चेहरा उतरला होता. हॉस्पिटलाविषयी एक शब्द नाही. पहिला प्रश्न काय?

'बाय, नळ्या कशा आनल्यास?'

मी म्हटलं, 'उभ्या, चाचा.'

मी खोटं बोलले. चाची, मी तुमच्या नवऱ्याच्या तोंडावर खोटं बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'मग ठीक,' म्हणाले, आणि दोरखंड गुंडाळायला गेले. त्यांना तेव्हाच कळलं होतं, असं आज वाटतं. लाकडी चौकट बोटीजवळ होती तिथेच पडलेली होती. ती कुणी हलवली नव्हती.

निकाल आले. चारही नळ्यांत वरपासून हातभर सगळं एकमेकांत मिसळलेलं. लॅबचं काहीच चुकलं नाही, त्यांना जे दिलं ते त्यांनी मोजलं. मॅनेजर खूश. 'खलास,' म्हणाले, 'तळ आधीच ढवळलेला आहे, वाचवण्यासारखं काही नाही.' मी तसाच अहवाल लिहिला. किडे आणि कोळंब्यांनी ढवळलेला तळ, असं मी माझ्या हाताने लिहिलं. दोष कोळंब्यांवर टाकला. ज्यांच्याकडे बघत सहा वर्षं उभी राहिले, त्यांच्यावर.

आणि स्वतःला समजावलंसुद्धा, बरं का. शिकलेल्या माणसाला समजावायला वेळ लागत नाही. म्हटलं, थोडंसं गाडीत हलल्याने हातभर थर कसे मिसळतील? असेलच तिथे ढवळलेलं. कोळंब्या काय कमी आहेत? आठ दिवसांत माझा माझ्यावर पूर्ण विश्वास बसला.

चाचांना अहवालाचं कळलं. ते माझ्या टेबलाशी आले. ऑफिसात ते कधी येत नसत, पायाला चिखल असतो म्हणून. त्या दिवशी पाय धुऊन आले होते. म्हणाले, 'बाय, त्यो चिकल निजलेला हाय. तितं एवडा किडा नाय. माज्या पायाला ठावं हाय.'

आजूबाजूला लोक होते. मला राग आला. पकडलं गेल्याचा राग असतो ना, तो. मी म्हटलं, 'चाचा, पायाने रिपोर्ट लिहीत नाहीत.'

काय बोलले मी! सहा वर्षं त्या पायांच्या भरवशावर मी रिपोर्ट लिहिले होते. त्यांनी मान हलवली, बाहेर गेले, बाहेर जाऊन चपला घातल्या. काचेतून मला दिसत होतं. पट्टा लावायला त्यांना वाकता येत नव्हतं, भिंतीला धरून हळूहळू वाकले. मी उठले नाही.

त्यानंतर मी त्यांना टाळलं. ऑफिसातच काम काढलं. ते दिसले की फोन कानाला लावायचा. तीन आठवडे. आणि मागच्या शनिवारी सकाळी मुश्ताकभाईंचा फोन आला. पहाटेची नमाज पढून चाचा परत आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत.

दफन त्याच दिवशी झालं. मी कब्रस्तानाबाहेर गाडीत बसून होते. गाडीत एसी चालू होता, आणि मला थंडी वाजत होती.

घरी येऊन मी झोपले. भर दुपारी. आणि एक स्वप्न पडलं. सांगू का? सांगतेच. मी त्या पाण्यात उभी आहे आणि हळूहळू खाली चाललेय. बुडत नाही, श्वास चालू आहे. चिखल मला बाजूला होऊन वाट देतोय. पहिल्या थरात प्लॅस्टिकच्या बाटल्यांची झाकणं. त्याखाली मऊ, राखाडी, रिफायनरीचे दिवे लागले त्या वर्षांचा थर. त्याखाली काळाभोर, त्यात गवताची मुळं, अजून मुळांसारखीच. मग एक थर, तेव्हा हे गाव नव्हतं. मग एक थर, तेव्हा रस्ता नव्हता. कुठलाही आवाज नाही. भीतीसुद्धा वाटत नाही. सगळं जिथल्या तिथे, आणि सगळं शांत. खूप खाली चाचा बसलेत, मांडी घालून, लुंगी सावरून. माझ्याकडे बघतायत. मी त्यांना हाक मारायला तोंड उघडलं, आणि माझ्या हालचालीने चिखल उडाला. सगळं दुधाळ झालं. मी म्हणतेय, थांबते चाचा, बसू दे. थांबतेय, थांबतेय, पण ते काही बसेना. जाग आली तेव्हा उशी ओली होती.

मंगळवारी त्यांचं सामान बांधायला मी मुश्ताकभाईंच्या खोलीवर गेले. चाची, तुमच्याकडे पेटी येईल, त्यात सगळं आहे. दोन लुंग्या, चष्मा, रेडिओ, तुमच्यासाठी घेऊन ठेवलेली अत्तराची बाटली. एक वस्तू मात्र मी ठेवून घेतलीय, तुम्हाला न विचारता.

त्यांच्या खाटेच्या पायाला एक नळी बांधलेली होती. उभी. मऊ सुती पट्ट्यांनी तीन ठिकाणी बांधलेली, खाली कापडाची चुंबळ. वरपर्यंत पाणी भरलेलं. झाकण घट्ट. बाणाची खूण वर. ती गार राहावी म्हणून एसीचा वारा थेट तिच्यावर येईल अशी खाट सरकवलेली.

मी मुश्ताकभाईंना विचारलं, हे काय? ते म्हणाले, 'ती होय? तीन आठवडे झाले मॅडम. आम्हाला इकडून जायचं असलं तरी म्हणायचे, धक्का लागंल, तिकडून जा.' मग यासिरला विचारलं. त्याने सांगितलं. माझ्या टेबलाशी येऊन गेल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर, चाचांनी त्याला बोट काढायला लावली होती. छातीत दुखत असताना. कमरेएवढ्या पाण्यात एकटे उभे राहिले. यासिर यल्ला यल्ला, चला चला करत होता, हे हलायला तयार नाहीत. पाणी स्वच्छ होईपर्यंत थांबले. मग त्याच जागेवर, माझ्या चार नळ्यांच्या मधोमध, पाचवी नळी घेतली. आणि यासिरला म्हणाले, कुणाला बोलू नको.

मुश्ताकभाईंनी त्यांना विचारलं होतं, ही मॅनेजरला का देत नाही? चाचा म्हणाले, 'मग बायचं काय?' मग मॅडमला तरी द्या. तर म्हणाले, 'देनार. तिला येऊ दे. ती येनार.'

मी गेले नाही. माझी इमारत तिथून चालत दहा मिनिटांवर आहे.

काल ती नळी लॅबमध्ये उभी चिरली. इथून जेद्दापर्यंत मी मागच्या सीटवर बसले, ती दोन गुडघ्यांत धरून. गाडी माझ्या नवऱ्याने चालवली. त्याला तोपर्यंत काही माहीत नव्हतं. वाटेत सगळं सांगितलं.

मंडळी, यंत्रांची गरजही पडली नाही. आकडे यायला वेळ लागेल, आणि तीन आठवडे खोलीत राहिल्याने कार्बनचा आकडा थोडा इकडेतिकडे झाला असेल, तेही मी लिहीन. पण थर डोळ्यांना दिसत होते. वर बोटभर भाग ढवळलेला, त्यात एका कोळंबीचं बीळ, फिकट वाळूने भरलेलं. तेवढंच. त्याखाली फिकट, गडद, फिकट, गडद, बारीक बारीक रेघा, नळीच्या तळापर्यंत. एकही हललेली नाही. निजलेला होता, चाची. चाचा बरोबर होते. त्यांचा पाय बरोबर होता, आणि माझा अहवाल खोटा होता.

आज सकाळी मी पत्र पाठवलं. मॅनेजरना, आणि ज्यांनी ही वाट खणायला काढलीय त्यांना. त्यात लिहिलंय की चार नळ्या मी आडव्या आणल्या, मला ते माहीत होतं, आणि विचारल्यावर मी खोटं सांगितलं. अहवाल मागे घेतलाय. खणायची यंत्रं अजून आलेली नाहीत. पाचवी नळी कुणी घेतली, या रकान्यात मी हसनचाचांचं पूर्ण नाव लिहिलंय, वडिलांच्या नावासकट. मॅनेजरचं उत्तर एका ओळीचं आलं, रविवारी ऑफिसला या. पुढे काय ते मला माहीत नाही. नोकरी जाईल, बहुतेक इकामाही रद्द होईल. वाट वळवतील की नाही, तेही माहीत नाही. नव्या नळ्या दुसऱ्या कुणीतरी घेईल. जो घेईल त्याला मी एवढंच सांगेन, पाण्यात उतरल्यावर घाई करू नकोस.

तुम्ही म्हणाल, हे शोकसभेत कशाला? मीही रात्रभर तोच विचार केला. पण माणूस गेला की आपण त्याला फार चांगलं म्हणतो, आणि आपल्या वाटणीचं त्यातून वगळतो. मला ते जमेना. चाचा चांगले होते असं मी नुसतं म्हटलं असतं तर ते माझं दुसरं खोटं झालं असतं.

चाची...

चाची काहीतरी बोलतायत. थांबा, आवाज वाढवते. बोला चाची, सगळे शांत आहेत.

हो. ऐकलं.

मागच्यांना ऐकू गेलं नसेल. चाची विचारतायत, 'ते व्हते तवा का नाय सांगितलंस?'

चाची, मला वाटलं, वेळ आहे.

रागवा माझ्यावर. फोन ठेवू नका, एवढंच. मौलवीसाहेबांनी मघाशी दुवा केलीय. आता ज्यांना फातिहा पढायचा आहे त्यांनी पढा. बाकीच्यांनी माझ्याबरोबर दोन मिनिटं उभं राहा. वेळ मी लावणार नाही. चाची जेव्हा बसा म्हणतील, तेव्हा बसू.